घाटातला रूळ नारिंगी नसतो

प्रश्न : मी मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (1:87) कसारा घाटाचा देखावा करतोय, आजच्या काळातला. रूळ कोड 83 चा, म्हणजे इंचाच्या 83 हजारांश उंचीचा आहे. गंज दिसावा म्हणून रुळांना नारिंगी रंग दिला, खडीवर काळा स्प्रे मारला, तरी सगळं खेळण्यातलंच वाटतं. त्यात आता इंजिन सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) अडखळायला लागलंय. कुठे चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रूळ तुम्ही अगदी योग्य निवडलाय. खऱ्या, मीटरला 60 किलो वजनाच्या रुळाची उंची 172 मिलिमीटर, 87 ने भागली की जेमतेम 2 मिलिमीटर. कोड 83 भरतो 2.1. तेव्हा रूळ तोच राहू द्या, रंग मात्र खरवडा.

मी नोकरीची बरीच वर्षं घाटात रुळावरून पायी चाललोय. भगवा, ताजा गंज दिसायचा तो बाजूला रचून ठेवलेल्या रुळांवर, पहिल्या पावसानंतर. ज्या रुळावरून रोज गाड्या जातात त्याची कूस पानात घालायच्या काताच्या रंगाची असते, वर धुळीचा पातळ थर. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात थोडा काळा आणि अगदी किंचित पांढरा मिसळा. अॅक्रिलिक चालेल, पण मॅट हवा. चकाकी आली की सगळं फसलं. वीतभर रूळ रंगवायचा आणि रंग ओला आहे तोवर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या फडक्याने माथा पुसायचा. माथा लखलखीतच हवा. एखादी सायडिंग (बाजूला काढलेली लाइन) वापरात नसेल असं दाखवायचं असेल, तर फक्त तिथेच माथ्यावरही तपकिरी फिरवा; मात्र तिथे इंजिनाला रुळातून वीज मिळणार नाही.

तयार ट्रॅकचे स्लीपर बहुधा लाकडी रंगाचे तपकिरी असतात. तुमचा काळ आजचा, म्हणजे काँक्रीटचे स्लीपर. त्यांना फिकट राखाडी द्या आणि रूळ बसतो तिथे दोन्ही बाजूंना तोच काताचा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने उतरवा. क्लिपांमधून गंजाचं पाणी ओघळून काँक्रीट तिथेच आधी डागाळतं.

आता घाटाचं वैशिष्ट्य, आणि मला सगळ्यात जिव्हाळ्याचं हेच आहे. कसारा ते इगतपुरी चढ 1:37 चा. डाऊन (मुंबईहून येणारी) गाडी चढते, अप (मुंबईकडे जाणारी) उतरते, म्हणून दोन्ही लाइनी एकसारख्या रंगवू नका. चढताना चाकं घसरू नयेत म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं. त्या बारीक वाळूची फिकट रेघ डाऊन लाइनवर रुळालगत धरा. उतरणीला ब्रेक लागलेले असतात, त्यांची भुकटी खडीवर बसते. अप लाइनची खडी त्यामुळे तपकिरी, रुळापासून लांब जाईल तसतशी करडी. बँकर (चढावर गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं) उभे राहतात तिथे दोन रुळांमध्ये तेलाचे काळपट डाग, तेही थोडक्या जागेत. सलग काळा स्प्रे पुसून टाकतो तो हाच फरक. खडूची पूड मऊ ब्रशने लावलीत तर हात आवरता येतो.

खडी नव्याने घालणार असाल तर क्रशरवरची बारीक कच चहाच्या गाळणीने चाळून घ्या. सह्याद्रीचा काळा दगड त्याच रंगाचा मिळतो. पण आधी कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात. मी हे केलं नव्हतं, आणि माझ्या एका इंजिनाची मोटर त्या कणांनी कायमची अडकली. ते इंजिन मला फार प्रिय होतं. कच पसरल्यावर ती पाण्यात थोडं स्पिरिट घालून फवाऱ्याने भिजवा, मग पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा.

सांध्याचं कारण तुमचा रंगच असणार. टंग रेल (सांध्यातला सरकणारा निमुळता रूळ) ज्या रुळाला टेकते, त्या दोघांच्या एकमेकांना टेकणाऱ्या बाजूंवर रंग बसला की वीज अडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी तिथे फिरवा. सँडपेपर लावू नका. ओरखड्यांत मळ साचतो आणि महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते. सुकल्यावर सांधा दहा-बारा वेळा हाताने इकडे-तिकडे करा, मग इंजिन अगदी सावकाश सोडा.