बेन्सन, ढवळ्या आणि हतनूरचा रोहू

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी गळ घेऊन तळ्यावर जातो. तो सांगतो, तिथे माशांना नावं असतात आणि एकाच माशासाठी माणसं वर्षानुवर्षं काठावर तंबू ठोकतात. हा काय प्रकार? (भुसावळ)

उत्तर : खरा आहे. तिकडचा कार्प म्हणजे आपल्या तलावातल्या सायप्रिनस माशाचाच भाऊबंद, पण तो खायला पकडत नाहीत. वजन करतात, फोटो काढतात आणि परत सोडतात. तळं बंदिस्त, मासा दीर्घायुषी. त्यामुळे आज तुमच्या गळाला लागलेला मासा तीन वर्षांनी शेजाऱ्याच्या गळाला लागतो. मिरर कार्पच्या अंगावर मोजकीच मोठी खवलं असतात, तीही प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या जागी. दोन फोटो शेजारी ठेवले की ओळख पटते.

ज्याच्या सगळ्या अंगावर खवलं, तो ओळखायला खूण लागते. पीटरबरोजवळच्या तळ्यातल्या बेन्सनच्या पाठीवरच्या पराला भोक होतं, सिगारेटनं जाळल्यासारखं. म्हणून ‘बेन्सन अँड हेजेस’ या सिगारेटच्या ब्रँडवरून बेन्सन. ही मादी होती! तिच्यासोबतचा मासा हेजेस, तो १९९८ च्या पुरात दिसेनासा झाला. बेन्सनचं वजन २९ किलोपर्यंत गेलं, साठेक वेळा ती पकडली गेली आणि २००९ मध्ये मेली तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. केंट परगण्यातला ‘टू टोन’ दोन रंगांच्या अंगामुळे. आपल्याकडे त्याला ‘कबऱ्या’ म्हटलं असतं.

प्रश्न : पण नाव ठरवतं कोण? (अमळनेर)

उत्तर : कुणी नाही. काठावर चहा पिताना एकजण म्हणतो, दुसरा उचलतो. कधी दोन नावंही पडतात. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोंचा, कार्प धरला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला. ते त्याला रॅव्हिओली म्हणत, पण लोकांत रुळलं ते क्लॅरिसा. ज्यानं पकडला त्यानंच दिलेलं नाव टिकलं नाही, हे मला फार आवडतं.

प्रश्न : मग तापी-गिरणेच्या माशांना नावं का नाहीत? आपण काय कमी हौशी आहोत? (चाळीसगाव)

उत्तर : हौस आहे, पण मासा दुसऱ्यांदा भेटत नाही. पावसाळ्यात मच्छीमार संस्थेनं बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि मासे किलोभराचे झाले की जाळं टाकायचं, हा आपल्या तलावांचा हिशेब. लहान तलाव तर मेपर्यंत आटतात, मग म्हातारा व्हायला मासा उरतो कुठे? त्यात रोहू-कटल्याचं अंग सगळं सारख्या खवलांनी झाकलेलं, हा कालचाच का, कसं सांगणार? हतनूर धरणाच्या काठावर एका भोई दादांना मी हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, “नाव ठेईसन काय करनं, भाऊ?” आणि टोपलीकडे बघून हसले. त्या रात्री कळण्याच्या भाकरीबरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा होता, मलाही नाव आठवलं नाही.

बैलाचं मात्र बघा. पोळ्याला शिंगं रंगवताना ढवळ्या, पवळ्या, चांद्या अशी हाक असतेच. तीही रंगावरून, कपाळावरच्या चांदावरून पडलेली नावं. बेन्सन आणि चांद्या एकाच रीतीनं नावाला आले. दोघंही आज ना उद्या परत भेटणारे, आणि दोघंही ताटात न येणारे. ज्याच्या घरच्या बोकडाला पोरांनी नाव ठेवलं, त्याला विचारा सणाच्या दिवशी काय होतं ते.

प्रश्न : माशाला स्वतःचं नाव कळतं का? (शिरपूर)

उत्तर : नाही. पण एकदा गळ टोचलेला कार्प पुढे तो टाळायला शिकतो. म्हणून तर नावाजलेला मासा पकडण्यात एवढी प्रतिष्ठा.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात एक दांडगा सायप्रिनस आहे. पकडून सोडला तर जगेल का? पोरांनी त्याचं नाव पैलवान ठेवलंय. (चोपडा)

उत्तर : एप्रिल-मेच्या दुपारी नको. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात झुंज देऊन दमलेला मासा सावरत नाही. दिवाळीनंतर सकाळी धरा. हात ओले करा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तापल्या मातीवर टेकवू नका, ओल्या गोणपाटावर ठेवा. फोटो काढायचा तर डाव्या-उजव्या दोन्ही अंगांचा काढा, पुढच्या वर्षी पैलवान तोच की दुसराच, हे पोरांना दाखवता येईल.