एकच सीडी, दोन सॉफ्टवेअर आणि 'खुललेला' तबला

तुमचं म्हणणं असं, की तीच सीडी जुन्या विंडोज मीडिया प्लेअरने रिप केली (कॉम्प्युटरवर उतरवून घेतली) तर आवाज दबका येतो, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने (ईएसी) केली की तबला खुलतो. आता बर्न करायलाही वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का?

आधी पहिल्या फाइलचं प्रॉपर्टीज उघडून बघा. तो प्लेअर सेटिंगला हात न लावता वापरला तर 128 केबीपीएसची (सेकंदाला 128 किलोबिट) डब्ल्यूएमए, म्हणजे माहिती कापून लहान केलेली फाइल करतो. सीडीवर असतात 1,411. तबला तिथेच हरवला असणार. दोन्हीकडे वेव्ह किंवा फ्लॅक (काहीच न कापणाऱ्या फाइल) करा आणि फूबार या प्लेअरच्या बिट-कंपेअरमध्ये (दोन फाइल तंतोतंत ताडून बघायची सोय) टाका. धड सीडीवर मी हा उद्योग पुष्कळदा केलाय, फरक निघत नाही. कधी एक फाइल काही सॅम्पलनी (आवाजाच्या सुट्या मोजमापांनी) पुढेमागे सरकलेली दिसते. तो ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे वाचायला सुरुवात करण्याच्या जागेतला त्याचा ठरावीक फरक. सेकंदाला 44,100 सॅम्पल असतात, तेव्हा तीसेक सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंदसुद्धा नाही.

सॉफ्टवेअरचा कस लागतो तो ओरखडलेल्या सीडीवर. फोटोंच्या सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये (माहितीच्या कप्प्यात) 2,048 बाइट माहिती आणि वर चुका दुरुस्त करायची जादा सोय असते. नाहीच वाचता आलं तर कॉम्प्युटर सरळ हात वर करतो. गाण्याच्या सीडीत सेक्टरचे 2,352 च्या 2,352 बाइट संगीतच. तिथे दुरुस्ती हुकली की ड्राइव्ह मागचापुढचा सूर बघून मधलं अंदाजाने भरतो, आणि तुम्हाला कळवतही नाही. आमच्याकडे नाट्यगीतांच्या एका सीडीवर चहाचा कप ठेवायची पद्धत होती (कोणाची ते विचारू नका). साध्या रिपमध्ये चौथ्या पदात ऑर्गनवर बारीक 'टिक'. ईएसीचा सिक्युअर मोड (पुन्हापुन्हा वाचून खात्री करणारा) त्याच जागी पाऊण तास घुटमळला, चूक दाखवणारे लाल चौकोन पेटत राहिले. शेवटी सीडी धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, तेव्हा कुठे टेस्ट आणि कॉपी या दोन्ही वाचनांचा सीआरसी (वाचलेल्या माहितीवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळला. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये (इतरांच्या रिपशी आपली ताडून बघायचा ऑनलाइन साठा) माझ्या बऱ्याच मराठी सीडी सापडतच नाहीत, म्हणून ही दोनदा वाचायची सवय.

उलटा प्रकारही होतो. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतो, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम वाढवून ठेवलेला, वाजवताना उतरवायचा. तो न उतरवता रिप केलं की झांजा, सतारीची तार जास्त 'चमकतात'. लोक त्याला क्वालिटी म्हणतात!

बर्निंगला जे आहे ते सॉफ्टवेअर चालेल. 'सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करा' ही खूण मात्र काढा, नाहीतर सॅम्पल खरोखरच बदलतात. आणि डिस्क-अ‍ॅट-वन्स (अख्खी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा. ट्रॅक-अ‍ॅट-वन्सने (एकेक ट्रॅक सुटा लिहिल्याने) दोन ट्रॅकमध्ये 2 सेकंदांची शांतता येते. मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर टाळ्या मधेच तुटतात.

पहिली फाइल डब्ल्यूएमए नसून वेव्हच निघाली, तर दोन्हींचा बिट-कंपेअरचा निकाल इथे टाका, मग पुढचं बघू.