स्प्लिट एसी बसवताना व्हॅक्यूम पंप खरंच लागतो का, की थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा बाहेर काढली तरी चालतं?

पंप लागतोच, कारण गॅस सोडून हवा बरीचशी निघते पण पाइपमधला ओलावा निघत नाही. मी एसी दुरुस्तीचंच काम करतो. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या एसीत कॉम्प्रेसरमधलं तेल पाणी पटकन शोषतं, मग आम्ल तयार होऊन मोटरची वाइंडिंग खराब होते. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, तो खोलीत सोडणं धोक्याचं आहे.

हे पंप बहुतेक रोटरी व्हेन प्रकारचे असतात. गोल पोकळीत रोटर मध्यापासून जरा बाजूला बसवलेला असतो आणि त्याच्या खाचांतली पाती फिरताना भिंतीला घासत राहतात. पात्यांमधली जागा आधी वाढते तेव्हा हवा आत ओढली जाते, पुढे ती आकसते आणि हवा दाबून व्हॉल्व्हमधून बाहेर टाकते. फटी बंद ठेवायचं काम तेल करतं. दाब पाऱ्याच्या साधारण ३२ मिलिमीटरखाली गेला की ३० अंशालाच पाणी उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. प्रत्यक्षात ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवायचं. साध्या डायल गेजवर ते कळत नाही, मायक्रॉन गेज लावायला सांगा.

मात्र पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर चांगला पंपही एवढा दाब उतरवू शकत नाही. सुरू करण्याआधी तेलाची काच बघा.