नळी घातली म्हणजे संपलं, असं नाही

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता रेडिएशनचा चौथा आठवडा चालू आहे. तोंड आतून सोलून निघालंय. पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी येतं. रेडिएशन सुरू झालं तेव्हा वजन ६४ किलो होतं, आता ५८ आहे. मी दिवसभर सूप आणि फळांचा रस देते, पण निम्मा पेला तसाच राहतो. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात. हे ऐकायला तयार नाहीत. सासूबाई म्हणतात, एकदा नळी घातली की माणूस परत तोंडाने जेवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, नळी घालू द्या. आणि या आठवड्यातच घालू द्या, ‘बघू पुढे’ म्हणून लांबवू नका.

६४चे ५८ म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त वजन गेलं. महिन्याभरात पाच टक्के उतरलं तरी आम्ही आहारतज्ज्ञ ते गंभीर धरतो. यात नुसती चरबी जात नाही. पोटात पुरेसं पडलं नाही की जखम भरायला लागणारी प्रथिनं शरीर स्वतःच्याच स्नायूंतून ओढून घेतं. शिवाय रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा जो घट्ट मुखवटा बसवतात, तो पहिल्या दिवसांतल्या चेहऱ्याच्या मापाचा असतो. गाल आणि मान उतरली की तो सैल होतो, आणि कधी कधी सगळी मापं नव्याने घ्यावी लागतात. अशक्तपणामुळे मध्येच रेडिएशन थांबवावं लागलं, तर या कॅन्सरमध्ये तो खंड महागात पडतो. म्हणून मी घरच्यांना सांगते, की रेडिएशन जसं चुकवत नाही, तसं खाणंही चुकवायचं नाही.

यजमानांवर रागावू नका, हे मात्र हात जोडून सांगते. घरच्यांना वाटतं, हा हट्ट करतोय. एका पेशंटने मला वहीत लिहून दाखवलं होतं, ‘भूक आहे, गिळायची हिंमत नाही.’ त्याच्या बायकोने ते वाचलं आणि ती तिथेच रडायला लागली. तोंड असं सोलवटतं ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, आणि रेडिएशन संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास तसाच राहतो. म्हणजे कठीण दिवस अजून पुढे आहेत. नळी आत्ताच हवी, ती त्यासाठी.

आता सूपचं. किलोमागे ३० कॅलरी धरल्या तर ५८ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १७५० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ सूप आणि रसाने पोट डब्ब होतं, प्रथिनं मात्र जवळपास मिळतच नाहीत. त्याउलट २०० मिली साय न काढलेल्या गाईच्या दुधात साधारण १३० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि चहाचा एक चमचा तेल घातलं की ४५ कॅलरी वाढतात. एवढं सोसून जो घोट गिळायचा, त्यात काहीतरी असायला हवं.

नळी मऊ आणि बारीक असते. भूल न देता काही मिनिटांत बसते. घशात दोन-तीन दिवस टोचल्यासारखं वाटतं, मग सवय होते. तोंड बरं होऊन पुरेसं खाणं जायला लागलं की काढून टाकतात. फार दिवस लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात घालायची नळीही असते. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. गिळणं पूर्ण बंद ठेवलं तर गिळण्याचे स्नायू आखडतात. त्यावर उपाय आहे : नळी असतानाही, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, दिवसातून अनेकदा थोडं थोडं पाणी गिळायचं आणि गिळण्याचे, तोंड उघडण्याचे व्यायाम शिकून घेऊन रोज करायचे.

भरवताना यजमानांना उशा लावून नीट बसतं करा आणि नंतरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. दर वेळी आधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना, ते बघा. सरकली असेल तर काही घालू नका, दवाखान्यात फोन करा. मिक्सरमधून काढलेलं अन्न बारीक गाळणीतून गाळायचं. एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, आपोआप उतरेल तसं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. घाई केली की उलटी होते. खोकला सुटला किंवा दम लागला तर लगेच थांबा. आणि एक फार महत्त्वाचं : कित्येक दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण आहार देत नाहीत. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम घसरू शकतं. रोज किती वाढवायचं ते तिथल्या आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

तोंडासाठी मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-सहा वेळा. अल्कोहोलचं माउथवॉश नको. दुखण्याचं औषध घोट घ्यायच्या अर्धा तास आधी द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. पुष्कळ घरांत ते जेवणानंतर देतात आणि सगळा उपयोग वाया जातो.

प्रश्न : वडिलांच्या जिभेच्या कॅन्सरवर उपचार चालू आहेत. साखरेने गाठ वाढते असं ऐकल्यापासून आम्ही साखर, भात, फळं सगळं बंद केलंय. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आजच सुरू करा. सगळ्याच पेशी साखर वापरतात. आहारातली काढली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती बनवतं, गाठ उपाशी राहत नाही. वजन मात्र वडिलांचं उतरतं. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नसेल, तर दुधात साखर घालून द्या. आणि कुणी जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुचवल्या असतील, तर रेडिएशन चालू असताना कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही देऊ नका.