वाचकांचे प्रश्न (डायल-अपच्या जमान्यातले): टेलिफोनच्या तारेवरचं नेट एवढं हळू का चालायलंय?

प्रश्न: घरी विंडोज ९८ चा कॉम्प्युटर आहे, ५६के मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून नेट जोडणारं यंत्र, सेकंदाला ५६ हजार बिटवालं) आतच बसवलेला. नेट जोडलं की खाली घड्याळापाशी १,१५,२०० बीपीएस (सेकंदाला इतके बिट) दाखवतंय पण गाणं उतरवायला लावलं की सेकंदाला ३ केबीच्या वर जाईनाच, पाच एमबीच्या गाण्याला अर्धा तास लागायलाय अन् फोनचं बिल बघून वडील रोज बोलायलेत. दुकानदार म्हणतोय रॅम वाढवा. वाढवू का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: रॅम राहू द्या हो. रॅमनं कॉम्प्युटर पळंल, फोनची तार कशी पळंल? आधी ते १,१५,२०० डोक्यातून काढा, तो कॉम्प्युटर आणि मोडेमच्या मधला स्पीड आहे, फोनच्या लाईनचा नाही. कंट्रोल पॅनेलमधे मोडेमच्या प्रॉपर्टीजला जा, कनेक्शन, मग ॲडव्हान्स्ड, तिथं एक्स्ट्रा सेटिंग्जच्या चौकटीत इंग्रजी डब्ल्यू आणि त्याला चिकटून २ टाका, बऱ्याच मोडेममधे मग लाईनचा खरा आकडा दिसतो.

तो ४५,३३३ किंवा ४९,३३३ असा काही आला तर लाईन चांगली. ३१,२००, २८,८०० नाहीतर २६,४०० आला तर मोडेमनं ५६के सोडून जुन्या ३३.६के च्या पद्धतीवर उतरून जोडलंय असं समजा. आता हे आकडे बिटचे आणि डाउनलोडच्या खिडकीतले केबी बाइटचे, एका बाइटात ८ बिट, म्हणून ८ नं भागायचं. २८,८०० चे झाले साडेतीन केबी, त्यातून थोडं कटतं, राहिले तीन. म्हणजे तुमचा आकडा बरोबर जुळतोय! लाईन सुधारली तर पाच मिळतील, गाणं १७-१८ मिनिटांत उतरंल, पण ५६के मोडेमवर ५६ केबीची वाट बघू नका, सात सुद्धा कुणाला मिळत नाहीत.

लाईन कानानं तपासा. साधा फोन लावा, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन बंद होतो, मग ऐका. खरखर, गुणगुण आली की घोळ तिथंच आहे. भिंतीवरची रोझेटची डबी (फोनची तार जोडतात ती) उघडा, स्क्रूखाली तारेला हिरवट बुरशीसारखं चढलेलं असतं, तार सोलून नवं टोक घट्ट कसा. स्वयंपाकघरात त्याच लाईनवर जोडून घेतलेला पॅरलल (दुसरा) फोन काढून बघा, माझ्या मते निम्म्या घरांत खरा चोर हाच असतो, आणि मोडेमची वायर लाईटच्या वायरीला खेटून नेऊ नका. कॉल वेटिंग घेतलं असंल तर बंद ठेवा, त्या टूं-टूंनं नेट तुटतं. एवढं करूनही खरखर राहिली तर खांबावरचा जॉइंट तपासायला टेलिफोनवाल्यांकडं तक्रार नोंदवा, पण तक्रारीत 'आवाजात खरखर येते' असंच लिहा, 'नेट हळू आहे' लिहिलं की लाईनमन डायल टोन ऐकून निघून जातो.

आवाज स्वच्छ आणि तरी आकडा ३३,६०० च्या पुढं जाईना? मग टेलिफोन एक्स्चेंज आणि घराच्या मधे कुठंतरी सिग्नल दोनदा बदलला जात असंल. ५६के साठी ॲनालॉग-डिजिटल बदल एकदाच व्हावा लागतो. यावर घरात काही इलाज नाही.

प्रश्न: आमच्या गावात लोडशेडिंगमुळं डाउनलोड ९० टक्क्यांवर तुटतं न् पुन्हा पहिल्यापासून. काय करावं?
– एक वाचक, औसा

उत्तर: डाउनलोड मॅनेजर नावाचा प्रोग्राम टाका, जिथं तुटलं तिथून पुढं घेतो. मात्र समोरच्या सर्व्हरनं तशी सोय दिलेली पाहिजे, काही देत नाहीत. आणि मृगाच्या आधी वळवाचा गडगडाट सुरू झाला की फोनची वायर मोडेममधून ओढून ठेवत जा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, वीज तारेनं आत येते आणि मोडेम जातो.