टाका, टक्का आणि देवाचा टाक

नाशिकरोडहून विचारणा आली आहे : शंभराच्या नोटेमागे 'राष्ट्रभाषां'ची पट्टी असते, तिच्यात मराठीत 'शंभर रुपये' आणि बंगालीत मात्र 'टाका'. हे भाषांतर चुकलं का? आणि नोट 'आपल्याच टाकसाळीत' छापतात, तर कुणी दुरुस्त का करत नाही?

आधी ती टाकसाळ. नाशिकरोडला टाकसाळ नाही हो! तिथे १९२८ पासून नोटा छापतात. गावात त्याला नुसतं 'प्रेस' म्हणतात. 'पोरगा प्रेसमध्ये लागला' म्हटलं की तो पत्रकार झाला असं इथे कुणी समजत नाही. टाकसाळीत नाणी पाडतात, आणि त्या आहेत मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. आपल्या जिल्ह्यात टाकसाळ होती ती चांदवडला, चांदवडी रुपयाची.

दुसरं, पट्टीतल्या १५ भाषांना 'राष्ट्रभाषा' म्हणणं थांबवा. घटनेने हा दर्जा कुठल्याच भाषेला दिलेला नाही. कलम ३४३ मध्ये हिंदी आहे ती संघाची राजभाषा. आठव्या अनुसूचीत भाषा २२. असो.

'टाका' बरोबरच आहे. कोलकात्याच्या बाजारात आपल्याच रुपयाला टाका म्हणतात. आसामीत टका, उडियात टंका. मूळ संस्कृत 'टंक'. आता टंक म्हणजे नाणं, आणि टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नीही. कोशकार या दोन अर्थांचे दोन वेगळे शब्द करून मोकळे होतात. काहींना नाण्याचा टंक थेट तुर्कीतून आणायचा असतो. मला हे पटत नाही. छिन्नीने घाव घालायचा, ठशानेही घावच घालायचा, ठोकणं एकच. टाकीचे घाव, टंकलेखन, टंकशाळेची टाकसाळ, सगळं याच ठोकण्यातलं. माझ्या मते देवघरातला टाकसुद्धा. सराफ बाजारात टाक घडवताना बघा : चांदीचा पातळ पत्रा ठशावर धरून मागून ठोकला की पुढे खंडोबा उमटतो. नाणं पाडणं याहून वेगळं काय असतं? 'टाक म्हणजे फक्त पत्रा' म्हणणाऱ्यांनी तो घडताना एकदा पाहावा, मग बोलावं.

बरं, रुपया तरी कुठे परका आहे? पाणिनीचं सूत्र आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. आहत म्हणजे ठोकलेलं. ठोकून ज्यावर रूप उमटवलं ते रूप्य. म्हणजे बंगाल्याचा टाका आणि आपला रुपया, दोन्ही ठोकलेलेच. आणि टका आपणही सोडलेला नाही, शेकड्याच्या हिशेबाला लावून त्याचा 'टक्का' केला. 'शंभर टक्के येतो' असं सांगून न येणारा नाशिककर बंगाल्याच्या कानाला शंभर रुपयेच कबूल करत असतो.

तेव्हा पट्टीत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. टाकसाळ तेवढी प्रेसवरून काढा.