अवयव सापडलेले नसताना संख्या मूळ नाही हे कशावरून ठरतं?

तुमचा प्रश्न असा: २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे म्हणतात, पण तिचा एकही अवयव कुणाला माहीत नाही. मग संयुक्त कशावरून? आणि अवयव शोधायचे तर काय शिकावं?

आमच्या घरात हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून लिहितोय.

आमचे भाऊजी इंदूरला रामबागेत राहतात. उभा जन्म बँकेच्या ऑडिटमध्ये गेला. एकदा त्यांच्याकडे पोहे-जिलबी चालू असताना मी म्हटलं, की २ चा ६७ वा घात वजा १ मूळ नाही हे फ्रेंच गणिती लुकासने १८७६ मध्येच सिद्ध केलं, तेही अवयव न काढता. भाऊजी म्हणाले, "म्हणजे व्हाउचरशिवाय खर्च मंजूर? वा रे भिया!" पुढे त्यांना कुठूनतरी कोलची गोष्ट कळली, मग तर विचारूच नका. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत अमेरिकन गणिती फ्रँक कोलने फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार, म्हणतात की एक शब्दही न बोलता, मांडला. उत्तर आलं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे तीच संख्या. टाळ्या पडल्या. आता दर गणपतीत चार पाहुण्यांदेखत ऐकावं लागतं, "टाळ्या कोलला पडल्या, तुझ्या लुकासला कोण विचारतो?"

माझं मत स्पष्ट आहे. कोलची चिकाटी मोठी, पण निकाल २७ वर्षं आधीच लागला होता.

रीत बघा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घात ११ असेल तर संख्या २०४७ आणि फेऱ्या ९, म्हणजे घातापेक्षा दोन कमी. भाऊजींसमोर लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलं होतं: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. मूळ असती तर शेवटी शून्यच आलं असतं. आलं १७३६. खटला संपला. जमाखर्चाची तेरीज (एकूण बेरीज) जुळली नाही की वह्यांत चूक आहे हे भाऊजी स्वतः छातीठोक सांगत. कुठल्या पानावर, हे नंतर शोधत. पण हे म्हटलं की त्यांना चहा आठवतो.

१२७७ लाही हीच रीत लागते, फेऱ्या १२७५. संगणकाला किरकोळ काम. अवयव काढणं मात्र वेगळंच दुखणं. एवढं कळतं, की प्रत्येक मूळ अवयव घाताच्या दुपटीच्या, म्हणजे २५५४ च्या, पटीपेक्षा १ ने जास्त असणार. ६७ साठी ती पट १३४ ची: कोलचा लहान अवयव म्हणजे १३४ × १४४५५८० + १. बाकी शिकायचं तर एलिप्टिक कर्व्हची रीत शिका, पण १२७७ वर ती भरपूर चालवून झाली आहे. फार आशा धरू नका.

हो, एक राहिलंच. ही कसोटी फक्त २ चा घात वजा १ या घराण्यापुरती, आणि घात स्वतः विषम मूळ हवा. इतरांसाठी फर्माची कसोटी आहे: २ चा त्या संख्येइतका घात घ्या, २ वजा करा, त्याच संख्येने भागा; बाकी शून्य आली तर २ च्या आधाराने पास. तिथे नापास म्हणजे नक्की संयुक्त, पण पास म्हणजे मूळ असं नाही: ३४१ ही ११ × ३१ असूनही २ च्या आधाराने खुशाल पास होते.

तुमच्याकडेही कुणी व्हाउचर मागणारं असेल तर २०४७ कागदावर करायला लावा. तिचे अवयव २३ आणि ८९ मात्र आधी सांगू नका.